धरलंय

अण्णांनी मला तेरच्या विहिरीत पोहायला शिकवलं. कमरेला कासरा बांधून ते काठावरून म्हणायचे, "धरलंय गं, तू मार हात." पलीकडं पोचून वळून पाहिलं, तर कासऱ्याचं दुसरं टोक पाण्यावर तरंगत असायचं.

मालवणला स्कूबा शिकवताना मीही तेच करते. "मी धरलंय," असं सांगून नवख्याला समुद्रात खाली नेते आणि त्याच्या नकळत हात काढून घेते. प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं.

परवा धाराशिवच्या दवाखान्यात अण्णांनी ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला.

"धरलंय न्हवं?"

"धरलंय, अण्णा."

आम्हा दोघांत हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं. दोन्ही हातांनी धरलेलं असतानाच अण्णा गेले.