जॉर्जियाचा भारा

भाऱ्याची दोरी टॅबिथानं दातांनी तोडली आणि मूठमूठ काठ्या चुलीत कोंबायला सुरुवात केली. बुटांच्या दोऱ्याला लावायचं मेण वितळवायची ती चूल. ऑगस्टच्या उकाड्यात तिच्या आसपास कुणी फिरकत नसे. बाकीचे कारागीर जेवायला घरी गेले होते. जळू देत मेल्या! टॅबिथाचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो काही नुसत्या आगीनं नव्हे.

काठ्या जॉर्जियातल्या एका कापसाच्या मळ्यावरून आल्या होत्या. एक काठी म्हणजे एक गुलाम. प्रत्येकाच्या पावलाच्या लांबीची एक काठी तोडायची, सगळ्यांचा भारा बांधायचा आणि बोटीनं इकडं मॅसॅच्युसेट्सला, ह्या कारखान्यात धाडून द्यायचा. की इथं काठीच्या मापाचे बूट तयार. राठ कातड्याचे, जाड तळव्याचे, डावा-उजवा सारखाच. माणूस बघायला नको, त्याचं नाव विचारायला नको. पलीकडच्या गावातल्या नव्या गिरण्यांत त्याच मळ्याचा कापूस येई आणि इथून त्याच मळ्यावर बूट जात. गाव कसं भरभराटीला आलं होतं!

आणि कारखान्याचे मालक कोण, तर डीकन ऑर्कट. चर्चमधले मानकरी. रविवारी गुलामांसाठी प्रार्थना म्हणताना ह्यांच्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि सोमवारी हेच जॉर्जियाच्या बुटांसाठी कारागिरांच्या मागं लागायचे. आज सकाळीच टॅबिथा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली होती. हा भारा परत पाठवा, मळेवाल्यांचं काम कायमचं बंद करा, असा अर्ज तिनं लिहिला होता. दारोदार फिरून कारागिरांच्या सह्या घेतल्या होत्या.

डीकननी अर्जावरून सावकाश बोट फिरवलं. "आणि आयशमची सही कुठंय? ज्यांचा तुला एवढा कळवळा, त्यांच्यातलाच ना तो? त्याला काही वाटत नाही, मग तू कशाला ऊर बडवतेस? आणि काय गं, त्या बिचाऱ्यांनी थंडीत अनवाणी फिरावं म्हणतेस?"

टॅबिथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डीकनचं एक वेळ सोडा. पण आयशम? अख्ख्या कारखान्यात तो एकटा काळा कारागीर. सहा वर्षांपूर्वी दक्षिणेतून पळून आलेला. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही तोंडातून काढत नसे. पाठीवर चाबकाचे वळ घेऊन फिरणाऱ्या माणसानं ह्या अर्जावर सही करू नये? वर दर ऑगस्टला हा भारा सोडायचं काम तो हौसेनं मागून घ्यायचा. दुसऱ्या कुणाला ते नकोच असायचं. हा मात्र एकेक काठी खिडकीशी नेऊन निरखत बसायचा. मालकाची मर्जी राखतोय, दुसरं काय! टॅबिथाला त्याची किळस यायची.

शेवटची मूठ चुलीत गेली आणि आयशम दारात आला. रविवारचा धुतलेला सदरा घातला होता त्यानं.

"भारा आला म्हणे?"

"आला आणि गेलासुद्धा!" टॅबिथा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मापंच नाहीत, आता करा म्हणावं बूट! मला हाकलायचं तर खुशाल हाकला. तुला साधी सही जड झाली ना रे? आपल्याच माणसांसाठी? जनाची नाही, मनाची तरी ठेवायची होतीस!"

आयशम चुलीकडं धावला. त्यानं सरळ आत हात घातला. हाताला लागलेला निखारा बाहेर ओढला, फुंकला, त्याची दोन्ही टोकं पाहिली आणि टाकून दिला. दुसरा ओढला.

"अरे, हात भाजतोय! वेड लागलं का तुला?" टॅबिथानं त्याचा दंड धरून त्याला मागं खेचलं.

तो तिथंच खाली बसला. जरा वेळानं त्यानं कातडी एप्रनच्या आतून मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली एक छोटी जुडी काढली. पाच काठ्या होत्या. भाजलेल्या बोटांनी त्यानं त्या जमिनीवर ओळीनं मांडल्या. पहिली वीतभरही नव्हती. प्रत्येक पुढची काठी आधीच्या काठीपेक्षा थोडीशी लांब होती. पाचही काठ्यांच्या टोकाला तीन-तीन खाचा पाडलेल्या होत्या.

"मळ्यावर ह्या काठ्या मीच तोडायचो, बाई," तो म्हणाला. "पळालो त्याच्या आदल्या दिवशी माझ्या पोरीला, वायनीला सांगितलं, काठ्या जिथं जातात तिथं मी जातो. दर साली तुझ्या काठीवर तीन खाचा पाड, म्हणजे तू आहेस हे मला कळेल. लिहायला कुठं येतं तिला? एवढीशी होती. भारा बंद करा म्हणून मी सही कशी करू?"



"गेल्या हिवाळ्यात तिकडं तापाची साथ होती म्हणतात," आयशम म्हणाला. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही टाकल्यात ना, त्यांत तीन खाचांची होती का हो? एवढंच सांगा."

टॅबिथानं चुलीकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं. त्यातली एकही काठी तिनं पाहिली नव्हती.