न्हाणीघराचा ढाळ

बादलीभर पाणी तिने नव्या फरशीवर ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. न्हाणीघराच्या दारात दादा आणि वहिनी होते. तिनेच त्यांना हाक मारून बोलावलं होतं. स्वतःच्या हाताने बसवलेल्या फरशीचं कौतुक एकटीने किती करणार?

पाणी पसरलं, चारी भिंतींना जाऊन टेकलं आणि तिथेच थांबलं. कोपऱ्यातल्या जाळीकडे वळायचं त्याने नाव घेतलं नाही. आता जाईल, मग जाईल म्हणून तिघंही बघत राहिली. पाणी आपलं सुस्त पडून होतं.

चूक काय झाली ते तिला लगेच कळलं, आणि कानशिलं गरम झाली. फरशी एकदम सपाट झाली होती. टेलरबाईंच्या हातून दुसरं काय होणार? सगळं आयुष्य शिलाईच्या मशीनवर गेलेलं, सरळ रेषेसाठी जीव टाकणारी बाई. प्रत्येक फरशी बसवली की वर पाणसळ ठेवायची आणि आतला बुडबुडा अगदी मधोमध आला की मगच पुढची उचलायची. एकच फरशी केसभर जाळीकडे कलली होती, खरं तर तेवढीच बरोबर बसलेली, पण तीसुद्धा तिने उचकटून सरळ केली होती. गल्लीतल्या ज्यांनी जन्मात खिळा ठोकला नाही, तेही येऊन सिमेंट कुठलं आणि वाळू कशी ते सांगून गेले होते. न्हाणीघराला जाळीच्या बाजूला ढाळ द्यायचा असतो हे मात्र कुणी बोललं नाही. एवढं तर कुणालाही कळतं, असं प्रत्येकाला वाटलं असणार.

दादा हसला. मोठ्याने नाही, लहान मुलाने पाटी पुसून टाकली की हसतात तसा. दादा वाईट माणूस नव्हता, आणि तीच खरी पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. तो म्हणाला, झालं ते झालं, एवढी हौस केलीस तेही पुष्कळ झालं. मागच्या या दोन खोल्या वडिलांनी तिच्या नावावर ठेवल्या होत्या, पण त्यांत राहण्यासारखं काही नव्हतं. न्हाणीघर जमलं तर ती इथे राहील, नाहीतर खोल्या दादाच्या दुकानाच्या मालाला आणि ती पुन्हा पुढच्या घरात, हॉलमधल्या सोफ्यावर. असं ठरलं होतं. तिथे तिला काही कमी नव्हतं, हे दादा नेहमी सांगायचा. दिवा कधी मालवायचा आणि मशीन कधी बंद करायचं, तेही तोच सांगायचा.

त्याने हात पुढे केला. किल्लीसाठी.

"ठरलं होतं आपलं," तो म्हणाला.

किल्ली तिच्या कमरेलाच होती. तिने हात कमरेकडे नेला खरा, पण तो किल्लीवर न थांबता पदर खोचून परत आला.

"ठरवलं तू होतंस, दादा. मी मान हलवली, कारण तेव्हा मी तुझ्या सोफ्यावर झोपत होते."

एवढं बोलून तिने बाहेरच्या खोलीतून छिन्नी-हातोडा आणला आणि पाण्यात उकिडवी बसली. दादाला वाटलं ती राग काढतेय. त्याने समजूत घालायला सुरुवात केली. त्याच्या ओळखीचा एक गवंडी होता, पण तोही आता कशाला, हट्टाला काही सीमा असते, लोक हसतील, वगैरे. ती ऐकत होती आणि फरशीच्या सांध्यात छिन्नीची जागा शोधत होती. बिघडलेली शिवण उसवताना ती कधी रडली नव्हती. आज मात्र डोळे भरून आले, कारण फरशी खरंच फार सुंदर बसली होती. इतकी सरळ ओळ तिने कापडावरसुद्धा क्वचित घातली असेल.

तिने पहिला घाव घातला.

"अगं, पुन्हा चुकलं तर?" दादाचा आवाज आता चढला होता.

"तर पुन्हा फोडीन."

"आणि तेही चुकलं तर?"

तिने मनगटाने नाक पुसलं आणि पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "चुकायलासुद्धा आपलं घर लागतं, दादा. तुझ्याकडे मला सगळं होतं, तेवढी एक सोय नव्हती."

तिने पुन्हा हातोडा उचलला. फरशी तडकली, दुसरी निघाली, खालचं अजून न मुरलेलं सिमेंट ढेकळांनी सुटू लागलं. जाळीपासून सुरू करून ती ओळीने फोडत दाराकडे येत होती. गढूळ पाणी आणि कपच्या उडायला लागल्या तसा दादा विजार सावरत एक पाऊल मागे झाला. मग आणखी एक. बोलणं चालूच होतं त्याचं, पण ठोक्यांत ते नीट ऐकू येत नव्हतं. शेवटी तो खोलीच्या उंबऱ्याबाहेर गेला आणि तिथून त्याने बायकोला हाक मारली, चल म्हणून.

वहिनीने मान वळवली नाही. तिने साडीचा काठ वर खोचला, कोपऱ्यातलं घमेलं ओढलं आणि फुटलेले तुकडे त्यात भरायला लागली.