पथ्य सुटलं

कँटीनच्या खिडकीतून आलेलं ताट बघून हेमंत खैरनार जागीच थांबला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं, तळलेला पापड आणि वाटीभर श्रीखंड. दिवाळीपासून त्याला रोज अळणी दुधी आणि कोरडा फुलकाच येत होता.

"अरे वा, पथ्य सुटलं की तुझं!" मागे उभ्या असलेल्या शकीलभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे बरा झालास."

सकाळी कारखान्याच्या फाटकावरचं यंत्र प्रत्येकाच्या बोटातलं थेंबभर रक्त घ्यायचं आणि त्यावरून दुपारी ज्याचं त्याचं ताट ठरायचं. तपासणी कंपनीची, म्हणून कायद्यानं तिचा निकाल गुप्त. ज्याचं रक्त त्यालासुद्धा तो कळायचा नाही.

पण हेमंतला बरं वाटत नव्हतं. आजही जिना चढताना त्याला मधेच बसावं लागलं होतं.

मग त्याला स्टोअरमधले गवांदे काका आठवले. वर्षभर नुसती पेज पिणाऱ्या काकांनाही एक दिवस असंच ताट आलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात सगळे त्यांच्या मयतीला गेले होते.

शकीलभाई एक पाऊल मागे सरकले. त्यांनाही काका आठवले असावेत.

हेमंत खिडकीशी वाकला. "मला काय झालंय?"

"माहिती गोपनीय आहे," खिडकीतलं यंत्र म्हणालं, आणि त्यानं न मागताच श्रीखंडाची आणखी एक वाटी पुढे सरकवली.