निरोप्या

मारवाडी रीतच अशी, की सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. सासू नव्हती, नवरा कापसाच्या फिरतीवर. म्हणून जळगावच्या झुंबरलाल शेठच्या घरात मंजू सगळं कुत्र्यालाच मोठ्यानं सांगायची, "लाल्या, बाबूजींना सांग, रॉकेल संपलंय." शेठ ऐकत आणि रॉकेल येई.

एकदा लाल्यानं शेठचा नवा जोडा कुरतडला. शेठ त्याला मेहरूणच्या तलावावर सोडून आले. मंजूनं लाल्याची भाकरी तशीच दाराशी ठेवली.

सकाळी शेठ दुकानाला निघाले, तर धोतर मागून टराटर फाटलेलं! मंजूला दिसलं, पण सांगणार कोणाला? दिवसभर अख्खा बाजार फिदीफिदी हसला.

संध्याकाळी शेठ लाल्याला घेऊन दारात उभे.



"लाल्या, सूनबाईला सांग, आमचं चुकलं. आणि घुंगटाआड हसू नको म्हणावं."