सात खुणा

पाण्याच्या कडेला ड्रायव्हरने ठेवलेला दुसरा दगडही बुडाला. पहिला बुडून अकरा मिनिटं झाली होती.

त्याच्यामागे सहाचाकी टँकर घरघरत उभा होता. सकाळी हाच टँकर पिण्याचं पाणी घेऊन खाणीवरच्या छावणीकडे गेला, तेव्हा नदीच्या तळावरून ठाम चालत गेला होता. आता टाकी रिकामी होती आणि नदी दोन वीत चढली होती. रिकामी टाकी म्हणजे झाकण लावलेला डबा. खोल पाणी तिला उचलतं आणि चाकं तळ सोडतात. म्हणून परतताना टाकीत नदीचंच पाणी भरायचं आणि मगच नदीत उतरायचं, असा या वाटेवरचा नियम होता. पंप चालू होता.

केबिनमधल्या मागच्या बाकावर ड्रायव्हरची धाकटी बहीण गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ती छावणीत स्वयंपाक करायची. पहाटेपासून पोटात उजवीकडे दुखत होतं, आता अंग तापलं होतं. छावणीपासून नदीपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला ती ओरडली होती. दवाखाना पलीकडे होता.

तिचा नवरा टाकीवर चढून बसला होता. टँकरचा पंप तोच सांभाळायचा.

"किती झाली, जावईबापू?" ड्रायव्हरने खालून विचारलं.

त्याने झाकणातून मोजपट्टी आत सोडली, वर काढली. "तीन."

"सात खुणा झाल्याशिवाय हलायचं नाही."

"दादा, अजून अर्धा तास लागेल. तोवर नदी काय आपली वाट बघत थांबणार आहे?"

"लग्नातही तुम्हाला अशीच घाई होती. तेव्हा थांबलात ना? आताही थांबा."

एरवी नवरा हसला असता.

"अहो," आतून तिचा आवाज आला, "निघा ना."

नंतर ती कण्हायचीही थांबली. त्याने पट्टी पुन्हा आत सोडली. बाहेर आली तेव्हा ओली रेघ चौथ्या खुणेच्या किंचित वर होती. त्याने रेघेकडे पाहिलं आणि पट्टी पँटला पुसून टाकली.

"सात!"

ड्रायव्हरने मान वर केली. "एवढ्यात? नक्की?"

"हिची शपथ."

ड्रायव्हर शिडीची एक पायरी चढला. तेवढ्यात कडेचा तिसरा दगड दिसेनासा झाला. तो तसाच खाली उतरला.

पंपाचा पाइप आत ओढला गेला. वेळ आलीच तर बाहेर पडता यावं म्हणून केबिनच्या काचा पूर्ण खाली घेतल्या. पट्टे कोणीच बांधले नाहीत. पहिला गिअर टाकून ड्रायव्हर म्हणाला, "आता पलीकडे जाईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही."

टँकर पाण्यात उतरला. एकेका गोट्यावर चाक चढायचं, आदळायचं, आणि मागून कण्हणं ऐकू यायचं. पाणी बंपरवर आलं, मग दिव्यांवर. नवरा पाण्याकडे बघत नव्हता. तो स्टिअरिंगवरच्या ड्रायव्हरच्या हातांकडे बघत होता. त्या हातांच्या शिरा टरारल्या होत्या.

नदीच्या मध्यावर गोट्यांचा खडखडाट थांबला.

इंजिन तेवढ्याच जोरात चालू होतं. समोरच्या काठावरचं, नेम धरलेलं झाड पुढच्या काचेच्या डाव्या कडेकडे सरकू लागलं. ड्रायव्हरने स्टिअरिंग वळवलं. इतका वेळ दोन्ही हातांचं बळ मागणारं चाक एका बोटावर फिरलं.

त्याने शेजारी पाहिलं. जावयाने डोळे मिटून घेतले होते.

मागे बहिणीने मोठा सुस्कारा सोडला.

"हां दादा, आता कसं," ती म्हणाली. "एक धक्का नाही. पलीकडे पोचेपर्यंत अशीच चालव."