मुकादमाचा मफलर

“सोड! अरे सोड त्याला, मेल्या!”

माईने चप्पल भिरकावली. ती पिल्लाला लागायची सोडून कोपऱ्यातल्या कुंडीला लागली. भुंगा ढिम्म हलला नाही. मुकादमाच्या मानेला लोंबकळतच राहिला.

मुकादम म्हणजे घरातला जुना कुत्रा. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. भुंग्याला आणलं सुनेने. म्हाताऱ्याला सोबत होईल, ही तिची अक्कल. सोबत कसली, लाकडाला भुंगा लागावा तसं ते पिल्लू मुकादमाला पोखरायला बसलं होतं. नाव तेवढं बरोबर पडलं.

बरं, शेपूट धरेल, पाय धरेल, तर तेही नाही. नेम एकच, मानेची डावी बाजू. तिथे नाक घुसवायचा, पंजाने उकरायचा, मग दात लावायचा. मुकादम आधी गुरगुरायचा. पुढे पुढे गुरगुरणंही सोडलं त्याने. नुसता माईकडे बघायचा. ते बघणं माईला सोसायचं नाही. घरात जिच्या शब्दावाचून पान हलत नव्हतं, तिला एक वीतभर पिल्लू आवरेना.

“पिल्लं अशीच खेळतात, माई,” सून म्हणाली. “फिरवून दमवलं की शांत होईल.”

“दमव. तू दमशील, तो नाही.”

झालंही तसंच. सून फिरवून आली आणि कोचावर आडवी झाली. भुंगा पुन्हा मानेशी. मुलाने दारात फळी आडवी लावली, तर तो खालून सरपटत आला. चावायला चिंध्यांची बाहुली दिली, ती त्याने मुकादमापुढे नेऊन ठेवली आणि परत मान धरली. वेगळं बांधून ठेवलं, तर असा गळा काढला की शेजारच्या शिक्षिका धावत आल्या.

“घरात कुणी गेलं का हो?”

“अजून नाही,” माई म्हणाली. “या बसा, वाट बघू.”

शेवटी माईनेच डोकं चालवलं. जुना स्वेटर उसवला, दुहेरी लोकरीचा जाडजूड मफलर विणला आणि मुकादमाच्या गळ्यात घालून टाके मारून शिवूनच टाकला. “घे आता. लोकर खा.” तो मफलर कुणी काढायचा नाही, अंगसुद्धा ओल्या फडक्याने वरच्यावर पुसायचं, अशी सक्त ताकीद. येईल त्याला ती तो मफलर दाखवायची. लेकाला जमलं नाही, सुनेला जमलं नाही, ते आपल्या दोन सुयांनी केलं म्हणून.

मान झाकली गेली, तसा भुंग्याने माईच्या खुर्चीकडे मोर्चा वळवला. धडपडत मांडीवर चढायचा आणि तिच्या डाव्या काखेखाली नाक खुपसायचा.

“काय रे, तिथे बिस्किटं दडवलीत मी?”

माईने त्यावरही तोड काढली. जाड उशी डाव्या अंगाला दाबून बसायला लागली. ज्याला त्रास, त्याला आडोसा. सरळ गोष्ट.

पण मुकादम काही सुधारेना. दुधाला तोंड लावून बाजूला व्हायचा. भुंकायला गेला की घोगरा खाकरल्यासारखा आवाज यायचा.

“ओरडून ओरडून घसा बसला बिचाऱ्याचा,” माई म्हणाली. “जीव घेणार हा कार्टा त्याचा.”

“तुम्ही तरी कुठे नीट जेवता हल्ली?” सून म्हणाली. “केवढ्या उतरलात.”

“या कटकटीत घास उतरतोय का कुणाच्या घशाखाली?”

मुलाने हात टेकले. “माई, दोघांतल्या एकाला हलवावं लागणार.”

“एकाला म्हणजे? मुकादमाचा जन्म गेलाय या दारात. आलाय तोच जाईल.”

सुनेचा चेहरा पडला. भुंग्याला तिच्या भावाकडे धाडायचं ठरलं. त्याला न्यायला भाऊ यायचा होता, त्याच सकाळी मुकादम उठलाच नाही. हाक मारली की शेपूट तेवढी जमिनीवर आपटायचा.

त्याला चादरीत घालून गाडीत ठेवलं. माई उशी घेऊन शेजारी बसली. भुंगा मागे एकटा राहीना, म्हणून त्यालाही घेतलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला टेबलावर निजवलं. “हा मफलर कुणी शिवला?”

“मी,” माई ताठ मानेने म्हणाली.

बाईंनी कात्री घेतली. टाके कापले. डाव्या बाजूवरून बोटं फिरवली आणि तिथेच थांबवली.

“ही गाठ कधीपासून आहे?”

“कसली गाठ? त्या पिल्लाने चावून चावून सूज आणलीय.”

“चावल्याची एक खूण नाही, आजी. साधा ओरखडासुद्धा नाही.” बाईंनी माईचा हात धरून तिथे ठेवला. लिंबाएवढं काहीतरी टणक हाताला लागलं. “काही कुत्र्यांना वासावरून कळतं, आत काहीतरी बिघडलंय ते. मग ती त्याच जागेला नाक लावत राहतात, उकरत राहतात. आधी आणला असता तर गाठ काढून टाकता आली असती. आता गळ्यात खोलवर पसरलीय.”

“मग आता?”

“त्रास कमी होईल असं औषध देते. बाकी आपल्या हातात नाही.”

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. माईने कापलेला मफलर उचलून हाताला गुंडाळला. टेबलावरून मुकादम तिच्याकडे बघत होता. तसाच, रोजच्यासारखा. ती मागच्या बाकावर बसली. सवयीने उशी डावीकडे ओढून घेतली.

सुनेच्या हातून भुंगा निसटला. माईने अडवलं नाही. जाऊ दे त्याला मुकादमाकडे. आता कुठे मान मोकळी झाली होती.

भुंग्याने टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो धडपडत बाकावर चढला, दातांनी उशी ओढून खाली पाडली आणि माईच्या डाव्या काखेखाली, रोजच्याच जागी, उकरू लागला.