नितळ पाणी

रंगारीणकाकूंनी ओढ्याकाठी बसून बाटली भरली, उन्हात धरली आणि गालातल्या गालात हसल्या. रंगाचा मागमूस नव्हता. दुपारी मोठा व्यापारी यायचा होता आणि त्याची अट एकच होती: ज्या कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ, त्याचंच कापड घेणार. ही ऑर्डर मिळाली तर वर्षभर एकाही कामगाराला घरी बसवावं लागणार नव्हतं. पण त्याआधी काकूंना ही बाटली धाकट्या जावेच्या नाकासमोर नाचवायची होती.

तसं कारणच होतं. जाऊ ओढ्याच्या खालच्या अंगाला राहायची आणि बदकं पाळायची. काकूंच्या कापड रंगवायच्या कारखान्यातून कधी लाल पाणी वाहायचं, कधी निळं. एकदा तिची पांढरीशुभ्र बदकं गुलाबी होऊन घरी आली. सगळं गाव हसलं, जाऊ हसली नाही. "जाऊबाई, आता तुमच्या कापडाबरोबर माझी बदकंही दोरीवर वाळत घाला," असं भर बाजारात सुनावून ती निघून गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

काकूंच्या ते जिव्हारी लागलं. ओढ्यात रंगाचा थेंब जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि काकूंनी एकदा ठरवलं, की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत. त्यांनी रंग खाऊन टाकणारं ब्लीच मागवलं. पिंपंच्या पिंपं आली. सांडपाण्याच्या टाकीत त्या स्वतःच्या हाताने ते ओतू लागल्या आणि पाईपातून पाणी कसं नितळ, तळ दिसेल असं पडू लागलं. कारखान्याचा कारभार बघणारा मुलगा म्हणाला, "आई, जिंकलीस."

जाऊ अंगणात बदकांसाठी कोंडा कालवत होती. काकूंनी बाटली पुढे केली. "बघ नीट. आहे का रंग?"

"नाही," जाऊ म्हणाली. ती भांडेल म्हणून काकू कंबर कसून आल्या होत्या, पण तिचा आवाज थकलेला होता. "तुम्ही बदकं बघितलीत का?"

बदकं अंगणातल्या एका डबक्यात, चिखलात, दाटीवाटीने बसली होती. समोर भरला ओढा वाहत होता. जावेने त्यातलं एक उचललं आणि ओढ्यात सोडलं. ते फडफडत काठावर आलं, अंग झटकलं आणि तुरुतुरु चिखलाकडे पळालं.

"रंगीत पाण्यात निदान पोहायची तरी," जाऊ म्हणाली. "आता पाय घालत नाहीत. आणि खायला तरी काय आहे तिथे?" तिने पाण्यातला एक दगड उलटा केला. खाली गोगलगाय नाही, किडा नाही, शेवाळाचा ठिपकासुद्धा नाही. घासून ठेवलेल्या भांड्यासारखा तो लख्ख होता. "बेडकांचा आवाज बंद झालाय, हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

काकूंनी त्या दगडावरून बोट फिरवलं. त्यांचा उभा जन्म रंगात गेला होता. घाण म्हणजे रंग, आणि रंग गेला म्हणजे घाण गेली, हे त्या धरूनच चालल्या होत्या. अशी चूक रंगाऱ्यानेच करावी. त्यांनी बाटली उघडून हुंगली. त्यांना काहीच जाणवलं नाही. ब्लीचची नाकाला सवय झाली होती. शेजारी उभ्या जावेने मात्र नाक दाबून तोंड फिरवलं. काकूंना लाज वाटली आणि मग स्वतःचाच संताप आला.

"चुकलं माझं, धाकटे," त्या म्हणाल्या.

"आता काय करणार?"

"घरी पोचेपर्यंत ठरवते."

आणि ठरवलंच. कारखान्यात आल्या आल्या त्यांनी ब्लीचच्या पिंपांना झाकणं ठोकायला लावली. फिक्या रंगाचं कापड आधी रंगवायचं, गडद नंतर, त्याच पाण्यात. म्हणजे पाणीच कमी लागेल. उरेल ते कापड वाळवायच्या अंगणात खड्डे खणून वाळूतून, लव्हाळ्यातून सावकाश झिरपू द्यायचं. मुलगा कपाळाला हात लावून ऐकत होता.

"कर, सगळं कर. पण उद्यापासून," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "आजचा दिवस गप्प बस, आई. तो येईल, पाणी बघेल, सही करेल, जाईल. दृष्टीआड सृष्टी. इतक्या दिवसांत एक तरी तक्रार आली का आपल्याकडे?"

"तक्रार करायला ओढ्यात उरलंय कोण?"

व्यापारी वेळेवर आला. पाईपाच्या तोंडाशी वाकून त्याने ओंजळीत पाणी घेतलं आणि बोटांतून गळू दिलं. कारखान्यांतून फिरून त्याच्याही नाकाला ब्लीचची सवय झाली असावी. "इतके कारखाने बघितले, पण इतकं स्वच्छ पाणी कुठे बघितलं नाही," असं म्हणत त्याने खिशातून पेन काढलं. मुलाने डोळ्यांनीच आईला विनवलं. त्याच्यामागे कामगार श्वास रोखून उभे होते. काकूंनी एकेकाचा चेहरा पाहिला आणि त्या व्यापाऱ्याकडे वळल्या.

"सही करू नका साहेब, हे पाणी स्वच्छ नाही, मेलेलं आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या हंगामात या. तेव्हा ते थोडं गढूळ असेल आणि दगडांवर शेवाळ असेल, तुमचा पाय घसरेल. एखादा बेडूक टुणकन अंगावर आला, की मग काढा पेन."